रॉकेलअक्का

माझ्या थोरल्या जावेचं नाव शिवकांता. गावानं मात्र तिला वीस वर्षं रॉकेलअक्का म्हटलं. पोरं तर तिच्या तोंडावर म्हणायची आणि पळून जायची. ती मागं धावली नाही की कधी शिवी दिली नाही. एकदा पिठाच्या गिरणीसमोर बायका त्या नावावरून हसल्या, तेव्हा त्यांच्यात मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. माहेरी लोह्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यावर हे लिहिते.

आमचं गाव निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. लातूर जिल्हा झाला त्याच्या आधी वर्षभर मी लग्न होऊन इथं आले. अक्काचा नवरा मलप्पा त्याआधीच वारला होता. मूलबाळ नव्हतं. आमच्या लिंगायतात विधवेला कशाची आडकाठी नाही, असं मठातले स्वामी सांगतात. स्वामी लग्नाच्या मांडवात बायकांच्या बाजूला बसत नाहीत, म्हणून त्यांना तसं वाटतं. अक्का मांडवात आली की बायका सरकून जागा द्यायच्या, जरा जास्तच सरकायच्या. ती आपली मागं जाऊन लसूण सोलत बसायची.

पण वर्षातला एक दिवस तिचा होता. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मठात सगळ्या गावाची हुग्गी व्हायची. हुग्गी म्हणजे अख्ख्या खपली गव्हाची खीर, आमच्या हद्दीवरचा शब्द. गहू भिजवायचा, उखळात कांडून वरचं साल काढायचं, वाळवायचा आणि मग मोठ्या डेगीत फुटेपर्यंत शिजवायचा. वर गूळ, खोबरं, खसखस, खारीक, बेदाणे, काजूचे तुकडे, सुंठ. दिवसभर उपास धरलेला गाव सूर्य कलल्यावर पंगतीला बसायचा आणि भात-आमटीच्या शेजारी प्रत्येकाला वाटीभर ही खीर मिळायची. डेग शिवकांताची, असं गावात ठरलेलंच होतं. त्या दिवशी तिला कोणी सरकून जागा देत नसे, ती सांगेल तिथं बाकीच्या बसत.

तिचा हात मी पाहिला आहे. नैवेद्याच्या आधी चाखायची सोय नाही, म्हणून ती डेगीला कान लावल्यासारखी वाकायची आणि उकळीच्या आवाजावरून सांगायची, अजून अर्धा घंटा. गूळ कधी टाकायचा यावरून तिनं मला पहिल्याच वर्षी झापलं होतं. "गहू फुटल्याबिगर गूळ दाखवायचा न्हाई नीले. आधी पडला की दाना आकसतो, मग जन्मभर शिजत न्हाई." पहिली वाटी देवाला, आणि लेकरांच्या पंगतीतली पहिली वाटी माझ्या लेकीला, गंगूला, हाही तिचाच नेम. गंगूला ती स्वतःच्या मांडीवर बसवून वाटीतले बेदाणे आधी वेचून खायला शिकवायची. मी रागवायचे, तर म्हणायची, तुझी हाय तशी माझीबी हाय.

खिरीचा गहू घरोघरचा. प्रत्येक घरानं सव्वा शेर गहू घरी धुऊन, ओला करून शनिवारी मठात न्यायचा. तिथं गुंडप्पाअण्णा, मठाचं सगळं पाहणारे, उखळाजवळ बसून एकेका घराचं नाव पुकारायचे. नाव पुकारलं की त्या घरच्या बाईनं आपला गहू उखळात ओतायचा. ज्या घरचा गहू नाही त्या घराचं नाव घ्यायचं नाही. कोणी काही बोलत नसे. नाव न घेता अण्णा पुढच्या घराकडं वळायचे, तेवढंच. पण त्या घरच्या बाईला वर्षभर पाणवठ्यावर मान वर करायची चोरी.

मी सांगते त्या वर्षी, म्हणजे जिल्हा होऊन चौथं वर्ष, पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. मृग कोरडा, हस्त कोरडा. विहिरींच्या तळाचे दगड दिसायला लागले. दोन दिवसांआड टँकर यायचा आणि माणशी एक घागर मिळायची. आमच्या घरात ज्वारी होती, तीही रोज मोजून. गव्हाचा दाणा नव्हता.

एक पत्र्याचा डबा मात्र होता. माळवदाच्या कोपऱ्यात, पोत्याखाली. विहिरीखालच्या अर्ध्या एकरात खपली पेरायची म्हणून माझ्या नवऱ्यानं, नागप्पानं, ते बियाणं ठेवलं होतं. विहीर आटली, पेरणी राहिली, डबा तसाच राहिला. शुक्रवारी सकाळी मी तो उघडला. दाण्यांवर करडी पूड होती. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या माहेरीही बियाण्याला राख चोळूनच ठेवायचे, कीड लागू नये म्हणून, आणि अडल्यानडल्याला तेच बी धुऊन दळायचे. राखेनं कोण मेलंय? दाण्याला थोडा वास होता. मला वाटलं, पत्र्याचा असेल.

सव्वा शेर मापून घेतला. दोन पाण्यांनी धुतला. तिसरं पाणी नव्हतं. धुण्याचं पाणी परसात ओतलं, ते उतारानं चांदबीच्या भिंतीकडं गेलं, चार दाणेही त्याच्याबरोबर गेले. शनिवारी अण्णांनी "नागप्पाचं घर" म्हणून पुकारलं आणि मी ताठ मानेनं गहू उखळात ओतला. त्या वर्षी तीन घरांची नावं गाळली गेली. आपलं त्यात नाही, याचा मला किती आनंद झाला होता, ते आठवलं की अंगावर काटा येतो.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास अक्कानं डेगीखाली जाळ केला. लाकडं बाभळीच्या बुडख्यांची, पेटता पेटेनात, म्हणून शेजारी रॉकेलचं डबडं ठेवलेलं. बायका खोबरं किसत होत्या. तेवढ्यात चांदबी आली. तिचं घर आमच्या परसाला लागून. तिचा नवरा मकबूल लातूरच्या अडतीत तोलाईला होता आणि हुग्गीची खारीक त्यांच्या घरची असायची, त्याच्या आजोबापासूनची रीत. त्या दुष्काळातही ती अच्छेर खारीक घेऊन आली होती, रात्रभर भिजवून, बिया काढून, बारीक उभी चिरून. ती पदराखालून काढून तिनं अक्कापुढं ठेवली आणि माझ्या शेजारी टेकली.

"नीलाबाई, माझ्या कोंबड्यांना काय झालंय काय की," ती म्हणाली. "कालधरनं माना टाकून बसल्या व्हत्या. सकाळी दोन मरून पडल्या. तुमच्या परसाकडच्या भिंतीखालीच."

मी खोबरं किसत होते. हात थांबला नाही, पण कानात नुसता घू घू आवाज व्हायला लागला. कोंबड्या मरतात, दुष्काळात काय मरत नाही, असं मी मनाला समजावलं. मन ऐकेना. भिंतीखाली काय होतं ते मलाच ठाऊक होतं.

नागप्पा मठाच्या मागं लाकडं फोडत होता. मी पाणी द्यायचं निमित्त करून गेले आणि हळूच विचारलं, "डब्यातल्या गव्हाला काय चोळलं व्हतं?"

"औषध," तो म्हणाला. "का?"

जिल्हा झाल्यापासून गावात जीप यायला लागली होती. शेतकीचे लोक ओट्यावर बसून काहीबाही सांगायचे, पुड्या वाटायचे. तशी एक पुडी त्यानं आणली होती आणि शेतातच बियाण्याला चोळली होती. घरी डबा आणला तेव्हा मला एक शब्द बोलला नाही. बायकांना काय सांगायचं? बी पुरुषाचं आणि चूल बाईची, दोघांनी एकमेकांत बोलायचं नाही, अशी आमच्याकडची शहाणपणाची रीत. त्या रीतीला आग लागो.

मी त्याला सांगितलं. कुऱ्हाड त्याच्या हातातच राहिली. "साबणानं हात धुवा म्हणला व्हता तो," एवढंच तो आधी बोलला. मग इकडं तिकडं बघून म्हणाला, "धुतलास ना? कांडलं बी. साल निघालं, त्याच्यासंगं औषध बी निघालं असंल. आता तोंड उघडलंस तर गाव आपल्याला जित्तं ठेवणार न्हाई. गप बस."

मी गप्प बसले.

काय काय वाटलं ते लिहिते, कारण न लिहून उपयोग नाही. आधी वाटलं, साठ घरांच्या गव्हात सव्वा शेर, काय होणार आहे. मग कोंबड्या आठवल्या. मग वाटलं, कोंबडी ती केवढी, माणूस केवढा. मग पंगतीत पहिल्यांदा लेकरं बसतात ते आठवलं. सांगावं म्हणून दोनदा उठले आणि दोनदा गुंडप्पाअण्णांचं तोंड बघून खाली बसले. त्यांचा सहा वर्षांचा नातू आतापासूनच वाटी घेऊन डेगीभोवती फिरत होता. हाकलला की पुन्हा यायचा.

मी गंगूला शोधलं. तिचा हात धरून घरी नेलं, शिळी भाकरी ताकात कुस्करून खाऊ घातली. ती रडत होती, खीर पाहिजे म्हणत होती. बाहेरून कडी लावली आणि मठात परत आले.

डेग उकळत होती. अक्कानं वाकून ऐकलं आणि मान हलवली, म्हणजे गहू फुटला. गूळ पडला. खोबरं, खसखस पडली. चांदबीची खारीक पडली. वास असा सुटला की मठाबाहेर बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. वर्षभरात त्या गावानं गोड वास घेतला नव्हता. मला मात्र त्या वासात डब्यातलाच वास येत होता. दुसऱ्या कुणाला येतोय का म्हणून मी एकेकीचं तोंड बघत होते. कुणालाच येत नव्हता. सगळ्या हसत होत्या.

ऊन उतरलं. लेकरांची पंगत बसली, पन्नासेक असतील. गुंडप्पाअण्णा फुलांचं ताट घेऊन आत गेले, फुलं वाहून झाली की नैवेद्याची वाटी न्यायची होती. अक्कानं वाटी हातात घेतली आणि पंगतीवरून नजर फिरवली.

"नीले, गंगू कुठाय? पहिली वाटी तिची."

"निजलीय," मी म्हटलं.

"ह्या वक्ताला? उठवून आण. आजच्या दिवशी उपाशी निजवायची व्हय?" ती वाटी डेगीकडं नेत म्हणाली. "न्हाईतर थांब, निवद झाला की मीच नेऊन देते."

तेव्हा मी तिचा दंड धरला. काय बोलले, कोणत्या शब्दांत, ते मला आठवत नाही. बियाण्याचा गहू, औषध, कोंबड्या, एवढं तिला कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही, गूळ विरघळला का बघायला जेवढा लागतो तेवढाच. 

"कुणाला बोललीस?"

"ह्यांना ठाऊक हाय. दुसऱ्या कुणाला न्हाई."

"बोलू नको," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती ओरडेल, लेकरांना उठवेल. तिनं तसं काहीच केलं नाही. पंगतीकडं पाठ केली, खाली वाकली आणि रॉकेलचं डबडं उचललं. त्याचं बूच काढलं आणि कमरेला खोचलं. मोठ्यानं म्हणाली, "जाळ विझला की गं." आणि सगळं डबडं डेगीत उपडं केलं. ते हातातून सुटून खिरीत पडलं, असं सगळ्यांनी पाहिलं. बूच आधी काढलेलं फक्त मी पाहिलं.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. खिरीवर तेलाचा तवंग पसरत गेला आणि बेदाणे त्यात तरंगत होते. गुंडप्पाअण्णा रिकामं ताट घेऊन बाहेर आले. त्यांनी डेगीत बघितलं, मग अक्काकडं.

"हात सुटला, अण्णा," ती म्हणाली.

आमच्यात प्रसादाचा एक दाणा वाया घालवत नाहीत. जेवल्यावर ताटात पाणी ओतून, बोटानं धुऊन, ते पाणीसुद्धा पितात. अशा लोकांपुढं साठ घरांचा गहू गेला होता आणि तोही त्या वर्षी. अण्णा कधी कुणावर ओरडलेले मी पाहिले नाहीत. ते तेव्हाही ओरडले नाहीत. म्हणाले, "ह्या हाताला पुन्हा डेग न्हाई," आणि आत निघून गेले. त्यांचा नातू वाटी घेऊन तसाच बसला होता, त्याच्या आईनं त्याला ओढत नेलं. एक म्हातारी म्हणाली, वरचं काढून टाका, खालची चांगली असंल. अक्का तिच्यापुढं आडवी उभी राहिली. "मावशी, पाया पडते, ह्याला हात लावू नको."

मठामागं खड्डा काढायला तिनं नागप्पालाच लावलं. कमरेइतका खोल झाल्याशिवाय तिनं त्याला वर येऊ दिलं नाही. डेग त्यात ओतली. कांडणाचा कोंडा मठाच्या गाईसाठी टोपल्यात ठेवला होता, तोही ओतला. वर दगड रचले, कुत्रं उकरायला नको म्हणून. मग ती चांदबीच्या घरी गेली आणि मेलेल्या कोंबड्या कुठं टाकल्यात ते विचारून त्याही पुरायला लावल्या. चांदबीनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि फावडं आणून दिलं. त्या बाईला काय कळलं आणि काय नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. मात्र पुढं दर वर्षी ती खारीक मठात द्यायच्या आधी मूठभर अक्काच्या ओट्यावर ठेवून जायची.

त्या दिवशी उपास सोडायला कुणाला भाकरी मिळाली, कुणाला आंबील, कुणाला काहीच नाही. मी गंगूची कडी काढली तेव्हा ती दाराशीच झोपून गेली होती.

पुढच्या महिन्यात जीप आली तेव्हा नागप्पानं दुसऱ्याचं म्हणून विचारून घेतलं. त्या माणसानं सांगितलं, ते बी जनावरालासुद्धा घालू नका, लेकरांच्या तर वाऱ्यालाही नको. नागप्पा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. मी त्याला काही बोलले नाही. बोलायला मी तरी कुठं वेगळी होते.

अक्काला मी एकदाच म्हटलं, मी सांगते गावाला, माझ्यामुळं तुमचं नाव गेलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सांगून काय व्हतंय? मला रॉकेलवाली म्हणतेत, हसतेत. तुला इख घालणारी म्हणले असते. गंगूला उद्या कोण करून घेतलं असतं?" आणि पुढं म्हणाली, "पुन्हा ह्या गोष्टीचं नाव काढू नको."

मी काढलं नाही. ते मला सोयीचंच होतं. पुढच्या वर्षीपासून डेगीला उदगीरचा आचारी आला. तो गूळ आधी टाकायचा, गहू चिवट राहायचा, आणि लोक खाता खाता म्हणायचे, शिवकांताचा हात होता पण सटवीनं घात केला. ती मागं बसून लसूण सोलायची. बायका पुन्हा सरकून जागा द्यायला लागल्या होत्या. कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या लेकराला उलट्या झाल्या, की मी हातातलं काम टाकून बघायला धावायचे, जणू ती खीर कुठंतरी कुणीतरी खाल्लीच आहे.

गंगूचं लग्न झालं, धर्माबादला चांगलं घर मिळालं. पाठवणीच्या वेळी अक्का मागंच उभी होती. गंगू तिच्याच गळ्यात पडून जास्त रडली.

अक्का मागच्या साली गेली. शेवटचे आठ दिवस ती फारसं बोलत नव्हती. एका दुपारी मी तिला पाणी पाजत होते, तेव्हा तिनं डोळे उघडले. डोकं अगदी साफ होतं तिचं.

"नीले," ती म्हणाली, "त्या दिवशी मी गंगूला हाक मारली नसती, तर तू सांगितलं असतंस का गं?"

एवढ्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. कडी लावलेली तिला माहीत होती. दुपारी चांदबी येऊन गेल्याचं तिला माहीत होतं. मधले चार तास तिनं मोजलेले होते. मी पेला खाली ठेवला आणि पदरानं तिचे ओठ पुसले. तिनं डोळे मिटले, आणि दोन दिवसांनी गेली.

तिच्या नावाचं जेवण आम्ही मठात घातलं. हुग्गी मी केली, तिनं शिकवली तशी. पंगतीत कुणीतरी वाटी नाकाशी नेऊन म्हणालं, रॉकेल न्हाई ना पडलं, आणि लोक हसले. मी उलथणं खाली ठेवलं आणि उभी राहून सांगितलं. बियाणं, औषध, कोंबड्या, बूच, सगळं. गुंडप्पाअण्णा आता नव्वदीला आलेत. त्यांच्या शेजारी तो नातू बसला होता, त्याचीच दोन पोरं मांडीवर घेऊन. अण्णांनी त्या पोरांकडं बघितलं. मग ताटात पाणी ओतलं, बोटानं धुतलं आणि ते प्यायले. माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही. उलट, एवढं सांगायला धीर लागतो, असं दोघी तिघी म्हणाल्या.

गव्हाचं मी सांगितलं. कडीचं सांगितलं नाही. गंगू समोर वाढत होती.

उत्तर मला त्या दुपारीही माहीत होतं आणि अक्कालाही. मी सांगितलं नसतं.